चाळणी कोणाच्या मालकीची?

एखादा प्रश्न वकिलांच्या दप्तरात आणि व्यापाऱ्यांच्या हिशेबवहीत जाऊन बसला, म्हणजे सामान्य वाचक त्याकडे पाठ फिरवतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. शोधयंत्रांच्या पेटंटांवरून अमेरिकेत या शतकाच्या आरंभापासून जे खटले झाले, त्यांची गत हीच झाली. कोट्यवधी डॉलरांचे आकडे, न्यायालयांची नावे आणि संगणकशास्त्राची परिभाषा यांच्या गर्दीत मूळ प्रश्न दिसेनासा झाला. तो प्रश्न असा: माहितीच्या अफाट राशीतून उपयोगाचे तेवढे निवडून काढण्याची जी रीत, ती कोणा एकाच्या मालकीची होऊ शकते काय? औषधाचे नाव, रेल्वेची वेळ, शाळेचा प्रवेशअर्ज आणि सात-बाराचा उतारा यांसाठी आज आपल्याकडील घरोघरची माणसे शोधयंत्रालाच प्रथम विचारतात. अशा समाजाने या प्रश्नाचे उत्तर केवळ कायदेपंडितांवर सोपवणे धोक्याचे आहे. म्हणून एरवी आतल्या पानावर शोभला असता असा हा विषय आम्ही आज पहिल्या पानावर आणला आहे.

शोधयंत्राची कामे मुख्यतः दोन. जगभरची पाने गोळा करून त्यांची सूची करणे हे पहिले, आणि त्या सूचीतून विचारणाऱ्याला हवे तेच नेमके पुढे ठेवणे हे दुसरे. पहिले काम कष्टाचे आणि खर्चाचे असले, तरी यंत्राची खरी परीक्षा होते ती दुसऱ्या कामात. ‘पाणीपट्टी’ हा एक शब्द असलेली पाने हजारोंनी सापडतील; परंतु विचारणाऱ्याला आपल्याच गावच्या नगरपालिकेचे देयक हवे असते. पहिल्या दहा उत्तरांत जे आले नाही, ते बहुतेकांच्या लेखी नसल्यासारखेच. तेव्हा उत्तरे पाखडण्याची, चाळण्याची आणि त्यांचा क्रम लावण्याची जी हातोटी, तीच शोधयंत्राचे सर्वस्व होय. भांडणे झाली तीही तिच्यावरूनच.

या भांडणांचा विचार करताना दोन हक्कांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. शंकर गणेश दाते यांनी वर्षानुवर्षे खपून १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. त्या ग्रंथावर त्यांचा हक्क होता. तो जसाच्या तसा छापून विकण्याची मुभा दुसऱ्याला नव्हती. परंतु पुस्तकांची विषयवार सूची करण्याच्या रीतीवर त्यांनी हक्क सांगितला नाही, आणि सांगितला असता तर कायद्याने तो दिलाही नसता. पहिला तो लेखनहक्क. दुसरा, म्हणजे रीतीवरचा हक्क, तो पेटंटचा. सरकारी मराठीत त्याला ‘एकस्व’ म्हणतात, आणि तो शब्द मोठा बोलका आहे. नवीन, उपयोगी आणि त्या विषयातील जाणकाराला सहज सुचणार नाही अशी युक्ती ज्याने काढली, त्याने ती जगापुढे उघड करून मांडावी, आणि त्याबदली अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे तिचा उपयोग त्याच्या अनुमतीवाचून कोणी करू नये, असा हा करार आहे. यंत्राच्या दट्ट्याबद्दल किंवा रंगाच्या रसायनाबद्दल हा करार समजण्यासारखा आहे. निवड करण्याच्या रीतीला तो लावला, की अडचणी सुरू होतात.

शोधयंत्रांची विद्या कोठून आली, हे पाहिले म्हणजे या अडचणीचे स्वरूप कळते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड सॉल्टन यांनी मजकूर आणि प्रश्न यांतील साम्य गणिताने मोजण्याचे प्रयोग केले. १९७२ साली इंग्लंडमध्ये कॅरेन स्पार्क जोन्स या विदुषीने एक साधे तत्त्व मांडले. जो शब्द सर्वच लेखांत येतो तो शोधाच्या कामी निरुपयोगी, आणि जो थोड्याच लेखांत येतो तो मोलाचा. म्हणून शब्दाचे वजन त्याच्या दुर्मिळतेवरून ठरवावे. ‘आणि’, ‘आहे’ या शब्दांवरून काहीच सापडत नाही, ‘पाणीपट्टी’वरून सापडते, हे त्या तत्त्वाचे आपल्या भाषेतील उदाहरण होय. पुढे आलेल्या शोधयंत्रांपैकी फारच थोडी या तत्त्वावाचून चालली असतील. तरी बाईंनी ते विद्वानांच्या नियतकालिकात छापून जगाच्या हवाली केले. त्याआधी १९६४ सालापासून यूजीन गारफील्ड यांची विज्ञान-संदर्भसूची नियमाने निघू लागली होती. ज्या निबंधाचा उल्लेख इतर निबंध वारंवार करतात तो महत्त्वाचा समजावा, ही दृष्टी तिने रूढ केली.

याच दृष्टीचे पुढचे पाऊल म्हणजे लॅरी पेज यांची पृष्ठक्रम-पद्धती. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते मोठे, आणि मोठ्या पानाने बोट दाखवले तर ते अधिक मोठे, असा तिचा सारांश. तिच्या पेटंटचा अर्ज जानेवारी १९९८ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००१ मध्ये ते मिळाले. मालकी स्टॅनफर्ड विद्यापीठाची आणि वापराचा हक्क गूगलचा. त्या मोबदल्यात मिळालेले १८ लाख समभाग विद्यापीठाने पुढे विकले, आणि त्यांचे सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर आले. या संशोधनाला अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे अनुदान होते, हेही नमूद केले पाहिजे. दुव्यांवरून क्रम लावण्याची जवळची अशी एक पद्धती रॉबिन ली या चिनी संशोधकाने १९९६ सालीच रचली होती. तिचे अमेरिकन पेटंट त्यांना १९९९ साली मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बायडू हे चिनी शोधयंत्र उभारले. एकाच काळी, एकमेकांपासून दूर असलेल्या माणसांना जवळजवळ तीच गोष्ट सुचते, याचा अर्थ त्या विद्येची वाढच तेथवर येऊन ठेपली होती. पेज किंवा ली यांची बुद्धिमत्ता आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्यांनी ज्या जमिनीवर घर बांधले, ती इतरांनी विनामूल्य दिली होती.

आता खटल्यांकडे वळू. पहिला गाजलेला वाद ओव्हर्चर या कंपनीचा. पूर्वी ‘गोटू’ या नावाने चालणाऱ्या या कंपनीने एक प्रघात पाडला. अमुक शब्द कोणी शोधला तर आपली जाहिरात वर दिसावी म्हणून जाहिरातदारांनी बोली लावावी, आणि वाचकाने जाहिरातीवर बोट ठेवले तरच पैसे द्यावेत. बाजारसमितीत रोज सकाळी होणारा लिलावच जणू शब्दांना लागू केला. जुलै २००१ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि एप्रिल २००२ मध्ये ओव्हर्चरने गूगलला न्यायालयात खेचले. २००३ साली याहूने ओव्हर्चरच विकत घेतली. ऑगस्ट २००४ मध्ये, गूगलचे समभाग बाजारात येण्याच्या अगदी तोंडावर, तडजोड झाली. हा व आणखी एक वाद मिटवण्यासाठी गूगलने याहूला २७ लाख समभाग दिले आणि पद्धतीच्या वापराची कायमची मुभा मिळवली. समभागाचा आरंभीचा भाव ८५ डॉलर धरला, तर ही रक्कम २३ कोटी डॉलरांच्या आसपास जाते. शब्दांचा लिलाव ही पेटंट देण्याजोगी युक्ती होती की नव्हती, या प्रश्नाचा निवाडा मात्र त्या खटल्यात झालाच नाही. दोन श्रीमंतांनी आपसांत बांध घातला. तिसऱ्या गरिबाने त्या शेतात पाऊल टाकावे की नाही, हे अनिश्चितच राहिले.

दुसरा वाद आमच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे, कारण तो थेट उत्तरे चाळण्याच्या रीतीवरचा होता. लायकॉस हे शोधयंत्र १९९४ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून निघाले, वैभवाला चढले आणि उतरणीलाही लागले. २०१० साली ते हैदराबादच्या एका कंपनीने विकत घेतले. उमेदीच्या काळात तेथील अँड्र्यू लँग आणि डोनाल्ड कोसॅक या संशोधकांच्या नावे काही पेटंटे मिळाली होती. त्यांचा गाभा असा: मजकूर प्रश्नाशी किती जुळतो हे पाहणे ही एक चाळणी, इतर वाचकांना कोणता मजकूर उपयोगी वाटला हे पाहणे ही दुसरी, आणि दोन्ही एकत्र करून उत्तरे गाळावीत. ही पेटंटे २०११ साली लायकॉसकडून सुमारे ३२ लाख डॉलरांना विकली गेली आणि पुढे व्हिरिंगो या छोट्या कंपनीकडे आली. गूगल आणि तिची सेवा वापरणाऱ्या काही कंपन्यांविरुद्ध त्यांच्या आधारे व्हर्जिनियातील न्यायालयात दावा गुदरण्यात आला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने दावेदाराच्या बाजूने कौल दिला आणि सर्व प्रतिवादी मिळून सुमारे ३ कोटी डॉलरांची भरपाई ठरवली. शिवाय पुढील वापराबद्दल स्वामित्वशुल्क लागू झाले. जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीशांनी त्याचा दर जाहिरात-उत्पन्नाच्या एका ठरावीक हिश्शावर साडेसहा टक्के असा वाढवला. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फेडरल अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने सारा निकाल फिरवला. या दोन्ही चाळण्या जाणकारांना आधीपासून ठाऊक होत्या, त्या एकत्र करणे हे कोणालाही सुचण्यासारखे होते, म्हणून ही पेटंटे मुळातच अवैध, असे बहुमताने ठरले. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायाधीश चेन यांनी, ज्यूरीने तपासून ठरवलेल्या वस्तुस्थितीला पुरेसा मान दिला गेला नाही, असा आक्षेप नोंदवला. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि पडदा पडला.

आमच्या वाचक भगिनींना या खटल्याचे मर्म उलगडून सांगण्याची गरज पडू नये. वाण्याच्या दुकानी तांदूळ घेताना गृहिणी दाणा तळहातावर घेऊन पाहते, आणि शेजारणीला कोणता तांदूळ मानवला तेही विचारते. दोन्ही गोष्टी मिळून ती निवड करते. ही रीत संगणकाकडून वेगाने आणि बिनचूक करवून घेणे कठीण आहे, त्याला कौशल्य लागते, आणि त्या कौशल्याची आज्ञावली लेखनहक्काने जरूर सुरक्षित राहावी. परंतु ‘दाणा पाहून आणि शेजारणीला विचारून तांदूळ घेणे’ ही रीतच वीस वर्षे एकाची, असे म्हणणे म्हणजे बाजाराच्या वाटेवर जकातनाका उभारणे होय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये ॲलिस खटल्यात हेच तत्त्व सांगितले. अमूर्त कल्पना केवळ संगणकावर चालवली म्हणून पेटंटयोग्य होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. व्हिरिंगो प्रकरणात न्यायाधीश मेयर यांनी स्वतंत्र मत देताना त्याच निकालाचा आधार घेतला.

गूगलचा विजय झाला म्हणून आम्ही गुढी उभारीत आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. पेटंट हे बलाढ्य कंपनीपुढे उभ्या राहणाऱ्या एकट्या संशोधकाचे शस्त्र असते, हा युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. शोध काढणाऱ्याच्या पदरी निराशा यावी आणि धनवंताने ती कल्पना फुकट वापरावी, हे कोणालाही रुचणार नाही. परंतु घडते काय ते पाहा. मूळ कंपनी उतरणीला लागल्यावर पेटंटे थोड्या लाखांना विकली जातात, आणि घेणारा त्यांच्या जोरावर कोट्यवधींचा दावा लावतो. त्या दाव्याला तोंड देणे गूगलला परवडते. दोन खोल्यांत संगणक मांडून बसलेल्या चार तरुणांना ते परवडत नाही. एका नोटिशीनिशी त्यांचे दुकान बंद पडते. संदिग्ध आणि विस्तृत पेटंटाचे ओझे शेवटी कोणाच्या मानेवर बसते, हे यावरून उघड होईल.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. पेटंट नाकारले तर संशोधक आपली युक्ती गुप्त ठेवतील आणि समाज ज्ञानाला मुकेल, असे म्हटले जाते. तत्त्वतः हे बरोबर आहे. अनुभव मात्र निराळा आहे. शेकडो पेटंटे घेऊनही शोधयंत्रांनी क्रम लावण्याच्या आपल्या आजच्या रीतीचे सगळे बारकावे सांगितलेले नाहीत. ते व्यापारी गुपित म्हणूनच सांभाळले जाते. शिवाय पेज यांच्या पृष्ठक्रम-पेटंटाची वीस वर्षे केव्हाच सरली. ती रीत आता कोणीही वापरावी. त्यामुळे गूगलची गादी हलली काय? ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता यांनी, गूगलने शोधाच्या क्षेत्रातील मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनी राखली, असा निर्णय दिला. आपले यंत्र फोनवर आणि न्याहाळकावर आपोआप पुढे यावे म्हणून त्या कंपनीने एकट्या २०२१ सालात २६ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मोजल्याचे त्या खटल्यात उघड झाले. कुंपण पेटंटाचे नव्हते. करारांचे आणि साठवलेल्या माहितीचे होते. मोठ्यांना ज्याची गरज नाही आणि लहानांना जे पेलत नाही, असे हत्यार कोणाच्या हितासाठी धारदार करावयाचे?

आता आपल्या घरात पाहू. १९५९ साली न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी पेटंट कायद्यावर जो अहवाल दिला, तो स्वतंत्र भारताच्या शहाणपणाचा एक नमुना आहे. पेटंट हा कोणाचा उपजत हक्क नसून देशाच्या हितासाठी मोजून मापून दिलेली सवलत आहे, ही त्यामागची दृष्टी. तीतून १९७० चा कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात, २००२ सालच्या दुरुस्तीने, गणिती व व्यावसायिक पद्धती, निव्वळ संगणक-आज्ञावली आणि अल्गोरिदम, म्हणजे आकडेमोडीचे विधी, यांना पेटंट मिळणार नाही असे स्पष्ट झाले. २००४ सालच्या डिसेंबरात वटहुकूम काढून ही अट सैल करण्यात आली. परंतु २००५ साली संसदेने कायदा करताना ती सैल केलेली शब्दरचना वगळली. लोकप्रतिनिधींनी विचारपूर्वक लावलेली ही कडी आहे.

समोरून न उघडलेले दार मागून उघडते, हा अनुभव पुढे आला. पेटंट कार्यालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये काढलेली मार्गदर्शिका टीकेमुळे त्याच वर्षी स्थगित झाली; २०१६ साली कडक नियम आले; २०१७ साली त्यांतील नव्या यंत्रभागाची अट गेली; २०२५ साली पुन्हा सुधारित मार्गदर्शिका निघाली. कायद्याचा शब्द एक आणि त्याची वाचने चार! दरम्यान, महाजालावरील माहितीस्रोत आणि सेवा गाठण्याच्या पद्धतीबद्दल फेरीद अल्लानी यांनी २००२ साली केलेला अर्ज दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटले, की बंदी आहे ती निव्वळ आज्ञावलीवर. तिच्यातून तांत्रिक परिणाम घडत असेल तर पेटंट नाकारता येणार नाही. २०२० साली अपील मंडळाने अर्जदाराच्या बाजूने निर्णय दिला. मुदत अर्जापासून मोजली जात असल्यामुळे, हक्क हाती येईतो तिचा बहुतेक सारा भाग सरून गेला होता. मंजुरी योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवला, तरी एवढा विलंब अर्जदारावर आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर सारखाच अन्याय करतो.

न्यायालयाच्या मताविषयी आदर बाळगून आम्हांस एक भेद सुचवावासा वाटतो. संगणकाच्या साहाय्याने गाडीचा ब्रेक अधिक लवकर लागत असेल किंवा रुग्णाच्या हृदयाचा आलेख अधिक स्वच्छ उमटत असेल, तर तो परिणाम वस्तुजगात घडतो. त्याला पेटंट मिळाल्यास आमची तक्रार नाही. परंतु ज्या युक्तीचा परिणाम केवळ ‘कोणती माहिती आधी आणि कोणती नंतर’ एवढाच असतो, ती युक्ती यंत्राची नव्हे, विचाराची आहे. ग्रंथपालाने पुस्तक कोणत्या फडताळात लावावे, शिक्षकाने धडे कोणत्या क्रमाने घ्यावेत, संपादकाने कोणती बातमी वर छापावी, यांच्याच जातीची ती निवड आहे. ‘तांत्रिक परिणाम’ या लवचिक शब्दाच्या आडोशाने ती पेटंटाच्या कक्षेत ओढली, तर तिसऱ्या कलमात उरेल ते नुसते टरफल.

कोणी म्हणेल, पेटंट कार्यालये चूक करतात, पण न्यायालये ती सुधारतात. मग घाबरावे कशाला? याचे उत्तर हळदीच्या प्रकरणात आहे. हळदीने जखम भरते, या ज्ञानावर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. आपल्या आजीला हे ठाऊक होते. परंतु आजीचे ज्ञान तेथील परीक्षकाला सापडले नव्हते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्यास आव्हान दिले. संस्कृत ग्रंथांतील आधार आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला निबंध पुढे ठेवला, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्या लढाईतून २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय सुरू झाले. जुन्या पोथ्यांतील औषधयोग पाच परदेशी भाषांत मांडून तेथे परीक्षकांना शोधता येतील असे ठेवले आहेत. आम्ही याकडे एका निराळ्याच कारणासाठी लक्ष वेधीत आहोत. पेटंट योग्य की अयोग्य हे ठरते, ते तीच गोष्ट पूर्वी कोणी सांगितली होती काय, या शोधावर. म्हणजे चांगला शोध हाच वाईट पेटंटावरचा उपाय आहे. असे असता शोध घेण्याच्या रीतींवरच मक्ते बसवणे म्हणजे विहिरीवर पहारा बसवून आग विझवायला निघणे नव्हे काय?

या सर्व वादात मराठीचा काय संबंध, असा प्रश्न उरतो. तो फार जवळचा आहे. आम्ही शाळेत शिकवीत असताना फळ्यावर ‘पाणी’ लिहून त्याखाली ‘पाण्याला, पाण्याने, पाण्यात’ अशी रूपे मुलांकडून वदवून घेत असू. सामान्यरूपाचा हा नियम दहा वर्षांच्या मुलाला अंगवळणी पडतो. यंत्राला तो मुद्दाम शिकवावा लागतो. ‘पाणी’ विचारले असता ‘पाण्याची’ असलेले पान जे यंत्र टाळते, ते मराठी माणसाच्या उपयोगाचे नाही. इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटून मूळ रूप काढण्याचा विधी मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली प्रसिद्ध केला आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो मुक्तपणे वापरला. मराठीची रूपे त्याहून गुंतागुंतीची आहेत. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दांचे अर्थसंबंध दाखवणारे वर्डनेट तयार झाले. ‘जल’ शोधणाऱ्याला ‘पाणी’ही दाखवावे, हे अशा कामातूनच साधते. उत्तरे मराठीसाठी चाळण्याचे हे काम परदेशी कंपन्या त्यांना परवडेल तेवढेच करतील. उरलेले काम येथील विद्यापीठांना, ग्रंथालयांना आणि धडपड्या तरुणांना करावे लागेल. त्यांच्या वाटेवर पावलोपावली परवान्याची चौकी उभी राहिली, तर ते होणार नाही. मराठी वाचकाला मग इंग्रजीतून विचारून इंग्रजीतूनच उत्तर घ्यावे लागेल, आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्याने गप्प राहावे.

यास्तव आमचे म्हणणे थोडक्यात असे. तिसऱ्या कलमातील बंदी कायम राहावी, आणि माहितीची निवड व क्रम यांपुरतीच असलेली युक्ती त्या बंदीत मोडते, हे कार्यालयीन मार्गदर्शिकेने नव्हे तर कायद्याच्या शब्दांत निःसंदिग्धपणे लिहिले जावे. पेटंट कार्यालयांत संगणकशास्त्र जाणणारे परीक्षक पुरेशा संख्येने नेमावेत, म्हणजे अयोग्य अर्ज दारातच अडेल आणि योग्य अर्जाला दशकभर तिष्ठावे लागणार नाही. सरकारी पैशाने भारतीय भाषांसाठी जी शोधसाधने तयार होतात, ती सर्वांना खुली असावीत. स्टॅनफर्डला मिळालेल्या कोट्यवधींचा मोह आपल्या विद्यापीठांना पडला, तरी त्यांनी तो आवरावा, कारण त्या पैशापेक्षा साऱ्या भाषेचा उपयोग मोठा आहे. आणि आपली कल्पना चोरीस गेली असे म्हणणाऱ्या लहान संशोधकासाठी लेखनहक्क व करारभंग यांच्या कायद्यांखाली स्वस्त आणि जलद दाद मागण्याची सोय व्हावी. नुसते पेटंट नाकारून त्याला वाऱ्यावर सोडणे न्याय्य होणार नाही.

या कलमाचा अर्थ आजवर कार्यालयात आणि न्यायालयात बदलत आला. ज्या संसदेने ते २००५ साली जपले, तिच्यात त्यावर पुन्हा उघड चर्चा झाली पाहिजे. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराचे या प्रश्नावर काय मत आहे, हे आमच्या वाचकांनी त्यांना पत्र लिहून विचारावे. उत्तर आले तर ते आम्ही याच वृत्तपत्रात छापू.